सोयाबीनचे फुणके

आश्विन लागला की मी घराच्या पश्चिमेकडच्या खिडक्या लावून घेते. उकाडा असतो, पंखा गरमच वारा फिरवतो, कामाला येणारी बाई कुरकुर करते. पण त्या खिडक्या उघडायच्या नाहीत. त्या बाजूला डांबरी रस्ता आहे आणि या दिवसांत त्याच्या अर्ध्या अंगावर लोक सोयाबीन वाळायला घालतात. पलीकडे मळणीयंत्र धडधडत असतं. भुसा उडतो, चष्म्यावर बसतो, दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर बसतो. भुशाचं मला काही नाही, तो झटकता येतो. मला नको असतो तो त्याच्यामागून येणारा वास.

ईशा, निनाद, तुम्हाला हा वास कसा सांगू? पावसात भिजलेलं गोणपाट घडी करून ठेवावं आणि चार दिवसांनी उघडावं. तेलाच्या जुन्या बाटलीचं बूच नाकाशी धरावं. त्यात कच्च्या शेंगेचा हिरवट, उग्र दर्प मिसळावा. एवढं करूनही तो पुरता होत नाही, कारण हा वास नाकात थांबत नाही, घशात उतरतो आणि तिथे चिकटतो. परवा फोनवर ईशा मला तिचा नाश्ता दाखवत होती. खोक्यातलं पांढरं काहीतरी वाटीत ओतलं आणि म्हणाली, आजी, हे सोयाबीनचं दूध, गाईच्या दुधापेक्षा चांगलं असतं. मी मान फिरवली. तिने विचारलं तर रेंज गेली म्हणून सांगितलं. रेंज गेली नव्हती.

म्हणून हे लिहायला बसले आहे. माझी लिहिण्याची वेळ सकाळची, चहानंतरची. टेबल पुसून, कागद सरळ लावून मगच मी लिहिते. पण या विषयावर लिहायचं तर पोटात काही नसलेलं बरं, म्हणून आज चहाच्या आधी बसले.

हा सगळा प्रकार सत्तरच्या दशकातला, मोठा दुष्काळ नुकताच मागे पडला होता तेव्हाचा. आपला वाशिम जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. केनवडचा माणूस कचेरीच्या कामाला अकोल्याला जायचा. मी अमरावतीहून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, केनवडच्या शेतकरी घरात सून म्हणून आलेली. तुमचे आजोबा अकोल्याला शेतीचं शिक्षण घेऊन घरी परतलेले. घरात कर्ते होते ते त्यांचे वडील, माझे मामंजी. उंच, कमी बोलणारे, जेवताना तर बोलतच नसत. आणि त्यांच्या मागे सावलीसारख्या वावरणाऱ्या, पण घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या आधी ठरवणाऱ्या माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

मामंजींचा एक नियम होता. जे आपल्या चुलीवर शिजत नाही ते आपल्या वावरात पेरायचं नाही. ज्वारी, तूर, मूग, उडीद, थोडा तीळ, थोडी अंबाडी. नवी नवी होते तेव्हा मी धीर करून विचारलं होतं की मग कपाशी कशी पेरता? ते म्हणाले, "सरकीची ढेप म्हैस खाते. म्हशीचं दूध तू पेते ना?" त्यानंतर मी त्या नियमावर वाद घातला नाही.

त्या वर्षी आजोबांनी नाल्याकाठच्या वावरात ज्वारीऐवजी सोयाबीन पेरलं. अकोल्याच्या एका मित्राने बियाणं दिलं होतं, आणि त्याबरोबर कुठलीशी इंग्रजी पुस्तिका. आमच्या पंचक्रोशीत तो दाणा कोणी पाहिलेला नव्हता. मामंजी काही महिने गप्प राहिले. पीक उभं राहिलं, शेंगांनी लगडलं, गावातले लोक बांधावर उभे राहून पाहून जायचे. आजोबांच्या चालीत त्या दिवसांत एक निराळीच ऐट आली होती. मग पीक निघालं, बैलबंडीत घालून बाजारात नेलं, आणि अडत्याने मूठभर दाणे हातावर घेऊन विचारलं की हे घेऊन मी कोणाला विकू? तो चांगला माणूस होता, त्याने आम्हाला चहा पाजला. पोती मात्र जशी नेली तशी परत आली आणि आमच्या माजघरात एकावर एक रचली गेली.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मामंजी बोलले. अकोल्याला आत्याबाईंच्या भावाने आजोबांसाठी एका ऑफिसात नोकरी पाहून ठेवली होती, ते उत्तराची वाट पाहत होते. मामंजी म्हणाले, सीतादहीपर्यंत ह्या दाण्याचं असं काहीतरी करून दाखव की मी ते आपल्या तोंडाने पुन्हा मागून घेईन. तसं झालं तर पुढच्या मृगाला पेरणी तू म्हणशील तशी. नाही झालं तर तू अकोल्याला जा, शेती मी पाहतो. आजोबांना ऑफिसात बसायचं नव्हतं. पावसाआधी जमिनीला भेगा पडल्या की हा माणूस त्या भेगांत बोटं घालून ओल पाहायचा. त्याला खुर्चीवर बसवणं मला पाहवलं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेत त्यांनी पेरलं होतं, पण आता त्याचा निकाल माझ्या चुलीवर लागायचा होता.

सीतादही म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. कपाशीची पहिली वेचणी सुरू करायच्या दिवशी वावरात एका झाडाची पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि वेचायला आलेल्या बायांना तिथेच जेवू घालतात. सगळं घर त्या दिवशी वावरात जेवतं. त्याला तेव्हा तीनेक आठवडे उरले होते.

मी ती इंग्रजी पुस्तिका उघडली. लिहिणाऱ्याने चूल जन्मात पाहिलेली नसावी. ओव्हन मध्यम ठेवा, असं एका पानावर होतं. आमच्याकडे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ होता. तो एक तर भडकायचा नाही तर धूर करायचा, मध्यम त्याला माहीत नव्हतं. मी पुस्तिका कोनाड्यात ठेवली आणि आधी साध्या रीतीने वरण करायचं ठरवलं. दाणे रात्री भिजत घातले. सकाळी झाकण काढलं तर टरफलं सुटून पाण्यावर तरंगत होती, नखांसारखी, आणि पाण्याला बुळबुळीत तार आली होती. हात घातला तेव्हाच अंगावर काटा आला. शिजायला ठेवलं तर फेस वर आला, साबणासारखा, पिवळट, एवढा की चुलीत उतरून त्याने जाळ विझवला. पुन्हा पेटवलं, पुन्हा विझवला. दुपारपर्यंत शिजवूनही दाणा दाबला तर निसटायचा, फुटायचा नाही. वर लसणाची खमंग फोडणी दिली. फोडणी चांगली होती. बाकी सगळं जिभेवर मेणासारखं बसलं. आणि दुसऱ्या दिवशी घरात कोणी कोणाशेजारी बसेना. मामंजी जे सकाळी वावरात गेले ते अंधार पडेस्तोवर आलेच नाहीत.

मग पीठ. गिरणीवाल्याने दळून द्यायचं कबूल केलं, पण दाण्यात तेल इतकं की दगडाला चिकट लुकण धरलं. आमच्यानंतर ज्यांची ज्वारी दळली त्यांच्या भाकरीला आमच्या सोयाबीनचा वास आला आणि ती माणसं आमच्या ओट्यावर येऊन आत्याबाईंना तो वास ऐकवून गेली. भाकरी थापली तर थापेना. तव्यावर टाकली तर कडा करपल्या आणि मध्ये कच्ची. चव कडसर, ओल्या खडूसारखी. अर्धी ज्वारी घालून पाहिली. तेव्हा ज्वारीही वाया गेली. आजोबा प्रत्येक वेळी समोर बसून खायचे, चावायचे, गिळायचे आणि म्हणायचे की कालच्यापेक्षा बरं आहे. त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

किळस ही काय गोष्ट आहे यावर मी या वयात पुष्कळ विचार केला आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला अंबाडीच्या भाजीचीही किळस यायची. आंबट, बुळबुळीत, कण्यांत गिचका झालेली. वर्षभरात तीच भाजी मी ताटात शोधायला लागले. म्हणून मला वाटलं की सोयाबीनचंही तसंच होईल, जीभ शिकेल. माझी जीभ इंग्रजी शिकली होती, वऱ्हाडी शिकली होती. ही एक गोष्ट मात्र ती शिकली नाही. आणि त्याचं एक कारण मला पुढे कळलं. घरातले पुरुष नावडता घास ताटात ठेवून उठू शकत होते. बायका मागून जेवायच्या, आणि दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन काढलेल्या त्या घरात अन्न फेकणं ही कल्पनाच नव्हती. पातेल्यात जे उरेल ते आत्याबाई आणि मी संपवायचो. एकमेकींकडे न पाहता, पाण्याच्या घोटाबरोबर. पुरुषांना सोयाबीन नावडलं होतं. आम्हाला ते रोज पोटात घालावं लागलं. नावडणं विसरता येतं. पोटात घातलेलं तसं विसरता येत नाही.

दुधाचा प्रयोग पुस्तिकेतला. दाणे पाट्यावर वाटले, पाण्यात कालवून फडक्यातून पिळले, आणि खरोखर दुधासारखं पांढरं पाणी निघालं. मी हरखले. आत्याबाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. जे कुठल्या गाईम्हशीच्या सडातून आलं नाही त्याला दूध म्हणणं त्यांना पटेना, आणि ते देवघराच्या बाजूला ठेवू नको म्हणाल्या. मी त्याचा चहा केला. कपात ओतला तेव्हा नीट दिसत होता. मामंजींच्या हातात जाईपर्यंत त्याचे धागे झाले होते, करड्या रंगाचे, कपात सावकाश फिरणारे. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि बाहेर गेले. तो कप मीच धुतला. बशीच्या काठाला चिकटलेला तो एक धागा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ईशा, तुझ्या वाटीत मला तोच दिसला.

पण सगळ्यात मोठी फजिती झाली ती वेगळीच. आमच्याकडे सोंगणीला, म्हणजे कापणीला येणाऱ्या बायांना मजुरीचा एक भाग त्याच पिकातून द्यायची रीत होती. ज्वारी सोंगली की ज्वारी, मूग तोडला की मूग. त्याप्रमाणे आजोबांनी सोयाबीन सोंगणाऱ्या बायांना सोयाबीन दिलं, सूप भरून, मोठ्या मनाने. आठवडाभराने त्या सगळ्या एकदम अंगणात आल्या. पुढे तुळसाबाई. ती बायांची पुढारीण. तिच्या शब्दावर पंधरावीस बाया कामाला यायच्या किंवा यायच्या नाहीत. तिच्या काखेत झाकलेली गंजी, म्हणजे पातेली होती, तिच्यात शिजवलेलं सोयाबीन. तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि झाकण काढलं. मी मागे सरकले.

"वास येऊन राह्यला ना?" तुळसाबाई म्हणाली. "आमच्या घरात चार दिवसांपासून येऊन राह्यला. लेकरं रडून राह्यली, बुढा शिव्या देऊन राह्यला. हातं फाटले आमचे ह्या शेंगा सोंगून, आन् पोटही फाडता काय बाई?"

मागची एक बाई म्हणाली की शिकलेल्या माणसाची ज्वारी अशीच असते, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण आजोबा दारात उभे होते. आत्याबाईंनी पुढे होऊन प्रत्येकीला सोयाबीनच्या बदली ज्वारी मोजून दिली आणि त्यांच्याकडे उरलेलं सोयाबीन परत घेतलं. जाताना तुळसाबाईने सांगितलं की वेचणीला आम्ही येऊ, पण सीतादहीला ताटात हे दिसलं तर बोंडं तुमची तुमीच वेचा. म्हणजे आता फक्त मामंजींची जीभ जिंकून भागणार नव्हतं.

आज तुम्ही विचाराल की एवढी वाईट गोष्ट आज सगळ्या जिल्ह्यात कशी? खरंच, वाशिमहून रिसोडकडे निघालात तर भाद्रपदात दोन्ही अंगांना दुसरं काही दिसत नाही. मामंजी गेले, बऱ्याच वर्षांनी गिऱ्हाईक आलं, कारखाने आले, आणि ज्याला अडत्याने हात लावला नव्हता त्या दाण्यासाठी रांगा लागल्या. तुमच्या बाबांचं शिक्षण त्याच्यावर झालं. त्या पैशाने मी सोन्याच्या बांगड्या केल्या, त्या आत्ता लिहिताना कागदाला घासत आहेत. मी कृतघ्न नाही. पण इथल्या कुठल्याही घरात जाऊन पाहा, अंगणात पोत्यांची थप्पी असेल आणि स्वयंपाकघरात त्यातला एक दाणा नसेल. सगळा माल ट्रकमध्ये जातो. सगळ्यांनाच तो वास कळतो, फक्त कोणी बोलत नाही. मळणी चालू असताना माणसं तोंडाला रुमाल बांधतात आणि भुसा लागतो म्हणतात.

शेवटचा प्रयोग फुणक्यांचा. भिजवलेली डाळ जाडसर वाटायची, लसूण, हिरवी मिरची, जिरं, कांद्याची पात घालून मुटके करायचे आणि वाफवायचे. वर कच्चं तेल. मामंजींना तुरीचे फुणके इतके आवडायचे की त्या दिवशी ते जेवताना एखादा शब्द बोलायचे. मी ठरवलं, सोयाबीनचे करायचे. दाणे उकळत्या पाण्यातून काढले, टरफल न् टरफल चोळून काढलं, पाणी बदललं, पुन्हा बदललं. लसूण दुप्पट घातला. वाफ आली तेव्हा मी डोळे मिटून वास घेतला. लसणाच्या खाली तो होताच. भिंतीमागे कोणीतरी उभं असावं तसा. पण पूर्वीपेक्षा कमी होता, आणि मला आशा वाटली. आत्याबाईंनी शेजारच्या चुलीवर तुरीचे वेगळे फुणके केले. बाया उपाशी राहायला नकोत, म्हणाल्या. माझे पितळी डब्यात, त्यांचे टोपलीत फडक्याखाली. दोन्ही बंडीत ठेवले आणि आम्ही वावरात गेलो.

ऊन कोवळं होतं. बोंडं फुटून वावर पांढरं झालं होतं. झाडाची पूजा झाली, दहीभात ठेवला, बाया ओळीने बसल्या. मामंजी बाभळीखाली, त्यांच्या बाजूला आजोबा. मी दहीभात वाढत गेले आणि माझ्यामागून आत्याबाई फुणके वाढत आल्या. मी वळून पाहिलं नाही. भीतीच वाटत होती. मग तुळसाबाईचा आवाज आला की बाई, आता जमलं तुमाले, आता कसं गोड लागून राह्यलं. मागची ती बाई म्हणाली, आणखी वाढा. आणि मग मामंजींनी, जे जेवताना बोलत नसत त्यांनी, हात पुढे केला आणि म्हणाले, "आणखी दोन दे."

मी पातेलं खाली ठेवलं. आजोबांकडे पाहिलं तर त्यांचं तोंड लहान मुलासारखं फुललं होतं. हे सगळं ऐकण्याच्या आनंदात त्यांनी स्वतः अजून घास घेतला नव्हता. आता त्यांनी फुणका मोडला, तोंडात घातला, आणि चावता चावता थांबले. तीन आठवडे रोज सोयाबीन खाणारा माणूस होता तो. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई टोपलीवरचं फडकं सारखं करत होत्या. पितळी डबा बंडीतच होता, झाकण लागलेलं.

ते गप्प बसले असते तर पुढचा मृग त्यांचा होता. मी मनात म्हणत होते, गिळा, एवढा एक घास गिळा.

"बाबा," ते म्हणाले, "हे सोयाबीनचे नाहीत. तुरीचे आहेत."

बायांनी माना वळवल्या. मामंजींनी तोंडातला घास संपवला, पाणी प्याले.

"मले पयल्याच घासात समजलं."

"मंग आणखी काहून मागितले?" आजोबांनी विचारलं.

"चांगले झाले होते."

कोणीतरी फिसकन हसलं, बहुतेक तुळसाबाईच. आत्याबाईंनी मान वर केली नाही. मामंजी उठले, हात धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले. मग बाभळीला पाठ टेकून नाल्याकाठच्या त्या वावराकडे पाहत म्हणाले, "तिथं ज्वारी पेरजो. पेरणी तुयी, तिफण तुयी. पण ज्वारी." थोडं थांबून आत्याबाईंना म्हणाले, "भावाले कळवून टाक. पोरगं येत नाही म्हणा." आणि ते बैल सोडायला गेले.

आजोबांनी ताट बाजूला सारलं. त्यांना वावर मिळालं होतं आणि सोयाबीन गेलं होतं, या दोन्हींचं काय करावं ते त्यांना कळत नसावं. मग ते बंडीकडे गेले, पितळी डबा काढला आणि मी मागून जेवायला बसले होते तिथे माझ्यासमोर येऊन बसले. बाया वेचायला ओळीत शिरल्या होत्या. त्यांनी झाकण काढलं. गार झाल्यावर लसूण मागे सरला होता आणि तो वास सरळ समोर आला होता. त्यांनी एक खाल्ला. घाई केली नाही, पाण्याने ढकलला नाही, नीट चावला. मग दुसरा, मग तिसरा. पुढे ते सोयाबीन पुष्कळ पिकवणार होते, पण खाल्लं ते त्या दिवशी शेवटचं. डब्यात उरलेल्यांपैकी एक त्यांनी उचलला आणि माझ्या ताटात ठेवला.

मी ज्या माणसासाठी ते फुणके केले होते तो माणूस समोर बसून मला तो घास देत होता. ताटाला माझा हात लागला, वास घशाशी आला, आणि मी नको म्हणून मान हलवली. तुमचे आजोबा हसले, मनापासून हसले, आणि तोही त्यांनीच खाल्ला.